पट्टी निघंना, पान पांढरं पडतं : विंडोज ७ वरच्या क्रोम १०९ मधी लायब्ररीचा पुन्हा पुन्हा येणारा एरर

ज्यांच्या ग्राहकांकडं अजून विंडोज ७ च्या मशीन चालू आहेत त्यांच्यासाठी हे लिहायलोय. लातूर, उदगीर, परभणी, हिंगोली, कुठल्याबी मोंढ्यात जा, आडत दुकानात गल्ल्याशेजारी एक जुना डेस्कटॉप असतो, त्याच्यावर टॅली, त्याच्यावरच क्रोममधी आपलं वेब सॉफ्टवेअर उघडलेलं आणि बाजूला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सगळं नीट चालू असतं आणि एक दिवस शेतकऱ्याची हिशोबपट्टी काढायला गेलं की पान पांढरं, नाहीतर शेतकऱ्याचं नाव-गाव दिसतं पण खाली मालाची यादी येत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. तुमच्या लॅपटॉपवर तेच पान झकास चालतं. तुम्ही कसंतरी करून ते चालू करता, आणि दोन-तीन महिन्यानं पुन्हा तेच. मी आडत आणि वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो म्हणून उदाहरणं तिथलीच देतोय, पण शाळेचं फीचं सॉफ्टवेअर असो, दवाखान्याचं असो की पतसंस्थेचं, मुळाशी कारण तेच निघतं, लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं जे तयार कोड आपण सॉफ्टवेअरला जोडतो, ते त्या मशीनवर अडतं.

आधी एक गोष्ट. "ब्राउझर अपडेट करा" हे उत्तर तिथं लागू पडत नाही, ते देऊ नका. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती म्हणजे १०९, जानेवारी २०२३ ची. त्याच्या पुढची ११० फेब्रुवारी २०२३ मधी आली आणि तिला किमान विंडोज १० लागतं. एजचंबी तसंच, तेबी १०९ वरच थांबलं. म्हणजे तो मुनीम अपडेटचं बटण कितीबी दाबू द्या, काही होणार नाही. आणि विंडोज १० टाका म्हणावं तर त्या प्रिंटरचं नाहीतर काट्याच्या जोडणीचं ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नाही, रॅम दोन जीबी, आणि सोयाबीनची आवक चालू झाल्यावर मशीन एक दिवससुद्धा बंद ठेवायची कुणाची तयारी नसते, ते बरोबरच आहे त्यांचं. मशीन बदला असा सल्ला जरूर द्या, विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० लाच थांबवलाय, त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका हेबी सांगा. पण मशीन बदलेपर्यंत पट्टी निघाली पाहिजे, आणि ती जबाबदारी आपली आहे.

आता एरर पकडायचा कसा. फोनवर आपल्याला ऐकू येतं ते असं, "सर, पान उघडलंय पण माल दिसंना गेलाय, नुसतं फिरायलंय." ह्याच्यावरून काहीच कळत नाही. मी त्यांना सांगतो, मामा एफ१२ दाबा, वर कन्सोल लिहिलंय त्याच्यावर क्लिक करा, मग एफ५ दाबा, आणि जे लाल दिसतंय त्यातली सगळ्यात वरची ओळ दिसेल असा फोटो व्हॉट्सॲपवर टाका. सगळ्यात वरची, हे दोनदा सांगावं लागतं, कारण कन्सोल आपोआप खाली सरकतं आणि फोटोत शेवटच्या चार ओळी येतात, त्यात "टेबल इज नॉट डिफाइंड" नाहीतर "कॅननॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइंड" असलं काहीतरी असतं. तो परिणाम झाला. लायब्ररीची फाइल मेली म्हणून तिचं नाव सापडंना, एवढंच त्या खालच्या ओळी सांगतात. कारण पहिल्या लाल ओळीत असतं. मी बघितलंय, लोक खालच्या ओळीच्या मागं लागून आपल्याच कोडमधी इफ लावत बसतात आणि अख्खा दिवस जातो.

पहिली ओळ हातात आली की ती तीनपैकी कुठल्या जातीची आहे ते ठरवायचं. लायब्ररी आलीच नाही, आली पण ब्राउझरला वाचता आली नाही, का आली, वाचली आणि चालता चालता अडली. ह्या तिन्हीचे इलाज एकदम वेगळे आहेत आणि बहुतेक गोंधळ इथंच होतो, वाचता न आलेल्या फाइलवर लोक पॉलिफिल (ब्राउझरमधी नसलेलं फंक्शन भरून काढणारा कोडचा तुकडा) लावतात आणि मग म्हणतात पॉलिफिल चालत नाही.

लायब्ररी आलीच नाही हे नेटवर्क टॅबमधी लगेच दिसतं. नेट बंद असेल आणि लायब्ररी सीडीएनवरून, म्हणजे लायब्ऱ्या ठेवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरून, ओढत असाल तर येणार कुठून. पण आपल्याकडं ह्याचं एक खास कारण आहे. काही दुकानात सॉफ्टवेअर दुकानातल्याच एका मशीनवर बसवलेलं असतं आणि बाकीच्या मशीन लॅनवरून साध्या एचटीटीपीनं ते उघडतात, त्यामुळं पान उघडतं. लायब्ररी मात्र बाहेरून एचटीटीपीएसनं येते. मदरबोर्डवरची ती गोल बारकी सीआर२०३२ बॅटरी उतरलेली असते, लाइट गेली की तारीख मागं जाऊन बसते, आणि मग सर्टिफिकेटची तारीखच ब्राउझरला पटत नाही. नेटवर्क टॅबमधी "सर्ट डेट इनव्हॅलिड" दिसतं. मुनीम सांगतो "सकाळी चालंना, दुपारी आपोआप चाललं", कारण मधी कुणीतरी घड्याळ नीट केलेलं असतं. असं रोज सकाळचं दुखणं असेल तर कोड उघडायच्या आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा.

ह्याच जातीतलं दुसरं म्हणजे "अनएक्स्पेक्टेड टोकन '<'". हे दिसलं की समजायचं, जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल आलंय. फाइलचा पत्ता चुकलाय किंवा नव्या बिल्डमधी (कोडपासून ब्राउझरसाठी तयार केलेल्या फाइलींमधी) फाइलचं नाव बदललंय, आणि सर्व्हर ४०४ द्यायच्या ऐवजी मुख्य पानच पाठवतोय. ह्याचा जुन्या ब्राउझरशी काही संबंध नाही, फक्त जुन्या मशीनच्या कॅशमधी जुनं पान राहतं म्हणून तिथं जास्त दिसतं.

दुसरी जात, फाइल आली पण वाचता आली नाही. इथं एररची सुरुवात "सिंटॅक्स एरर" अशी होते आणि अख्खी फाइल बाद होते, त्यातली एकबी ओळ चालत नाही. कुठला टोकन (कोडमधली खूण) खटकला ते नीट बघा, त्याच्यावरून ब्राउझर किती जुना आणि लायब्ररीत काय आहे ते कळतं. "?." ही खूण क्रोम ८० पासून चालते, त्याच्या आधीच्या क्रोमला ती समजत नाही आणि तो टोकन '.' म्हणून ओरडतो, कारण प्रश्नचिन्ह त्याला ओळखीचं असतं, त्याच्यापुढचा टिंब नसतो. "??" असेल तर टोकन '?' म्हणतो. "??=" ला क्रोम ८५ लागतं, ८० ते ८४ मधी टोकन '=' म्हणून एरर येतो. इंटरनेट एक्सप्लोरर ११ वर तर "=>" सुद्धा चालत नाही, तिथं साध्या "सिंटॅक्स एरर" शिवाय काही लिहूनच येत नाही. ही जात क्रोम १०९ वर फार येत नाही कारण १०९ ला ह्या सगळ्या खुणा कळतात, पण कुठं एक्सपीची मशीन राहिली असेल तर तिथं क्रोम ४९ वरच थांबलेलं असतं आणि तिथं हेच येणार. इलाज एकच, बेबलसारख्या टूलनं ती लायब्ररी जुन्या रूपात बदलून घ्यायची. पॉलिफिलनं हे कधीच सुटत नाही, कारण पॉलिफिल फक्त नसलेलं फंक्शन आणून ठेवतं, ब्राउझरला नवं व्याकरण शिकवत नाही.

आता तिसरी, आणि आपल्या मोंढ्यातल्या मशीनवर सगळ्यात जास्त येणारी. "टाइप एरर, अमुक डॉट टूसॉर्टेड इज नॉट अ फंक्शन." जी यादी दाखवणारी लायब्ररी तुम्ही वापरताय तिनं नव्या आवृत्तीत यादी लावायला टूसॉर्टेड वापरलेलं असतं. हे फंक्शन क्रोममधी आलं ११० ला. म्हणजे आपल्या मशीन जिथं थांबल्या त्याच्या बरोब्बर पुढच्या पायरीवर. टूरिव्हर्स्ड, टूस्प्लाइस्ड हीबी त्याच्यासोबतच आली. त्याच्यापुढं ऑब्जेक्ट डॉट ग्रुपबाय ११७ ला आलं, प्रॉमिस डॉट विथरिझॉल्व्हर्स ११९ ला, आणि सेटवरचे युनियन, इंटरसेक्शन वगैरे १२२ ला. ही नावं पाठ करून ठेवा, १०९ वर "इज नॉट अ फंक्शन" आला की दहातले नऊ वेळा ह्यातलंच एक असतं. पीडीएफ दाखवणाऱ्या लायब्ररीत विथरिझॉल्व्हर्सनं बऱ्याच जणांना अडवलं, पीडीएफ डॉट जेएस सारख्या लायब्ररीसोबत म्हणूनच "लेगसी" नावाचं वेगळं बिल्ड येतं, तेच घ्यायचं, फक्त त्याची ती आवृत्ती १०९ वर चालते का ते आधी बघायचं.

खात्री करायची असेल तर एनीडेस्कनं त्या मशीनवर जा, कन्सोलमधी टाइपऑफ लिहून रिकाम्या ॲरेवरचं (यादीवरचं) ते फंक्शन विचारा. "अनडिफाइंड" आलं की विषय संपला. आपल्या लॅपटॉपवर तेच विचारलं की "फंक्शन" येतं. एवढ्या एका ओळीत दोन मशीनमधला फरक कळतो, अंदाज बांधत बसायचं कारण नाही.

समोर शेतकरी उभा असेल, वजन झालेलं असेल, पैसे द्यायचे असतील तर लांबचा इलाज तेव्हा कामाचा नाही. तात्पुरतं दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) टाकायची. मोझिलानं ती विंडोज ७ साठी मुदत वाढवत वाढवत चालू ठेवली, आणि फायरफॉक्समधी टूसॉर्टेड आलं नेमकं ११५ ला, म्हणून ज्या पानावर टूसॉर्टेडपायी क्रोम १०९ अडतं ते फायरफॉक्स ११५ वर उघडतं. विथरिझॉल्व्हर्सचा एरर असेल तर मात्र हा उपाय चालणार नाही, त्याला फायरफॉक्स १२१ लागतं. दुसरी गोष्ट, लायब्ररीची जी आवृत्ती मागच्या महिन्यात चालत होती तिच्यावर परत जायचं. ह्याच्यासाठी ती कुठली होती ते माहिती पाहिजे, आणि खरी मेख तिथंच आहे.

हे दुखणं परत परत का येतं ते आता बघू. सगळ्यात मोठं कारण, सीडीएनच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडाच नसतो, नाहीतर "लेटेस्ट" लिहिलेलं असतं. तुम्ही काहीच केलेलं नसतं, दुकानात काहीच बदललेलं नसतं, लायब्ररीवाल्यानं नवी आवृत्ती काढली की ती थेट मोंढ्यातल्या त्या मशीनवर जाऊन पोचते. मुनीम म्हणतो "सर आम्ही कायबी केलं नाही", ते शंभर टक्के खरं असतं, त्याच्यावर शंका घेऊ नका. पत्त्यात पूर्ण आकडा लिहा, तिन्ही भागांसहित, आणि त्याच्याहून चांगलं म्हणजे फाइल उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवा. असं केलं की वर सांगितलेला तारखेचा आणि नेट गेल्याचा प्रश्नबी त्याच्यासोबतच सुटतो. आडत दुकानासारख्या ठिकाणी मला तर सीडीएन वापरायचं एकबी कारण दिसत नाही.

एनपीएम (लायब्ऱ्या आणून बसवणारं टूल) वापरत असाल तर पॅकेजच्या फाइलमधी आकड्याच्या आधी ती "^" खूण असते. तिचा अर्थ, पहिला आकडा तोच ठेवून पुढचं काहीबी नवं आलं तर चालेल. लॉक फाइल (बसवलेल्या लायब्ऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) जपली आणि "एनपीएम सीआय" नं इन्स्टॉल केलं तर आवृत्ती हलत नाही. पण काही अडलं की लॉक फाइल उडवून पुन्हा इन्स्टॉल करायची सवय पुष्कळांना आहे, त्यात वीस लायब्ऱ्या एकदम पुढं सरकतात आणि कुणाला कळतबी नाही. लॉक फाइल गिटमधी (कोडचे बदल जपून ठेवणाऱ्या टूलमधी) गेलीच पाहिजे.

मग बेबलचं. बहुतेकांच्या सेटिंगमधी नोड मॉड्यूल्स हे लायब्ऱ्यांचं फोल्डर वगळलेलं असतं, बिल्ड लवकर व्हावं म्हणून. त्याचा परिणाम असा की तुमचं स्वतःचं कोड जुन्या ब्राउझरसाठी बदललं जातं आणि लायब्ररी जशीच्या तशी नवी राहते. आणि एरर येतो लायब्ररीतून. तुम्ही सेटिंग शंभरदा तपासता, सगळं बरोबर दिसतं. ज्या लायब्ररीत अडतंय तेवढी एक त्या वगळलेल्या यादीतून बाहेर काढायची, अख्खं फोल्डर काढू नका, बिल्ड फार सुस्त होतं आणि काही लायब्ऱ्या दुसऱ्यांदा बदलल्यामुळं मोडतात.

कोर-जेएस (पॉलिफिलांचा तयार संच) लावलंय तरी टूसॉर्टेड सापडत नाही, असं कुणी म्हणालं की मी दोन गोष्टी विचारतो. पहिली, बेबलच्या सेटिंगमधी "यूजबिल्टइन्स" ला "यूसेज" दिलंय का. यूसेज म्हणजे बेबलच्या हाताखालून जे कोड जातं त्यात जे फंक्शन वापरलंय तेवढ्याचंच पॉलिफिल येतं, आणि लायब्ररी तर त्याच्या हाताखालून जातच नाही, मग त्याला कळणार कसं की कुणाला टूसॉर्टेड लागतंय. तिथं "एंट्री" द्या आणि कोर-जेएस सगळ्यात आधी इम्पोर्ट करा. दुसरी, कोर-जेएसच्या आवृत्तीत नुसतं ३ लिहिलंय का. नुसतं ३ लिहिलं की बेबल त्याला ३.० समजतो आणि नंतर आलेली पॉलिफिलं घेतच नाही. टिंबानंतरचा आकडा लिहा, जी इन्स्टॉल आहे तोच. ही बारीक गोष्ट आहे पण ह्याच्यापायी माणसं हैराण झालेली बघितलीत.

आणि ब्राउझर्सलिस्ट, म्हणजे बिल्ड कुठल्या ब्राउझरांसाठी करायचं त्याची यादी. तिथं "डिफॉल्ट्स" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ अर्ध्या टक्क्याहून जास्त वापर असलेले ब्राउझर, प्रत्येकाच्या शेवटच्या दोन आवृत्त्या, फायरफॉक्स ईएसआर, आणि जे मेलेले नाहीत ते. हा टक्का जगभराचा असतो, आपल्या मोंढ्याचा नाही. डेटा अपडेट झाला आणि १०९ चा वापर त्या रेषेखाली गेला की तुमचं बिल्ड गुपचूप १०९ ला सोडून देतं, तुम्ही सेटिंगची एक ओळसुद्धा न बदलता. म्हणून तिथं सरळ "क्रोम १०९" असं लिहून टाका. विट (बिल्ड करणारं टूल) वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, विट ७ चं डिफॉल्ट टार्गेट क्रोम १०७ आहे, ते वाचून वाटतं की १०९ त्यात बसलं, पण ते टार्गेट फक्त व्याकरणापुरतं आहे, विट स्वतःहून पॉलिफिल घालत नाही. त्याच्यासाठी लेगसी प्लगइन वेगळं लावावं लागतं आणि त्यातबी नव्या ब्राउझरसाठीची पॉलिफिलं वेगळी चालू करावी लागतात, कारण १०९ ला ते "नवा" ब्राउझरच धरतं आणि जुनं बिल्ड त्याला देतच नाही.

बिल्ड-बिल्ड काही नाही, साधं पीएचपी आणि जेक्वेरीचं जुनं सॉफ्टवेअर आहे, अशांनी हातानं पॉलिफिल लिहावं, पाच-सहा ओळींचं काम आहे. ॲरेच्या प्रोटोटाइपवर टूसॉर्टेड नसेल तरच घालायचं, ही अट आधी. मग साधं फंक्शन लिहायचं, ते कम्पेअरचं फंक्शन घेईल, धिसची (ज्या यादीवर ते चालवलंय तिची) स्लाइसनं कॉपी करेल, कॉपीवर सॉर्ट चालवेल आणि कॉपी परत देईल. इथं "=>" वाला फंक्शन वापरू नका, त्यात धिस बाहेरचा येतो आणि यादीच्या जागी भलतंच काहीतरी हातात पडतं. आणि प्रोटोटाइपवर सरळ बरोबरचं चिन्ह लावून चिकटवू नका, ऑब्जेक्ट डॉट डिफाइनप्रॉपर्टीनं घाला. का, तर जुन्या सॉफ्टवेअरमधी ॲरेवर फॉर-इन फिरवलेलं असतं, सरळ चिकटवलं की त्या फिरण्यात टूसॉर्टेड हे नावसुद्धा एक माल म्हणून येतं आणि पट्टीवर सोयाबीन, तूर, हरभरा आणि खाली एक रिकामी ओळ छापून येते. डिफाइनप्रॉपर्टीनं घातलं की ते मोजणीत येत नाही. हा तुकडा लायब्ररीच्या स्क्रिप्टच्या आधी ठेवायचा, नंतर ठेवला तर उपयोग नाही.

काही जण लायब्ररीची फाइल उघडून टूसॉर्टेडच्या जागी नुसतं सॉर्ट लिहितात. एरर जातो, पण सॉर्ट मूळ यादीच हलवतं. काट्यावर ज्या क्रमानं पोती मोजली तो क्रम जातो, तोलाईची चिठ्ठी आणि पट्टी जुळत नाही, आणि हे भांडण संध्याकाळी निघतं. असं करू नका.

पॉलिफिल बाहेरच्या पत्त्यावरून आयतं ओढायची जुनी पद्धत होती, तीबी सोडा. पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ मधी दुसऱ्याच्या हातात गेलं आणि जूनमधी तिथून घातक कोड जायला लागलं, एक लाखाहून जास्त वेबसाइटवर ते लावलेलं होतं. कुणाच्या जुन्या पानात ती ओळ अजून असेल तर आज काढा.

दुरुस्ती झाल्यावर "तरीबी तेच यायलंय" असा फोन आला तर बहुतेक कॅश असतो. कंट्रोल एफ५ करायला सांगा, सर्व्हिस वर्कर (फाइली ब्राउझरमधी साठवून देणारं स्क्रिप्ट) लावलेला असेल तर त्यानंबी भागत नाही, ॲप्लिकेशन टॅबमधी जाऊन साइटचा साठा साफ करावा लागतो. फाइलच्या नावात आवृत्ती ठेवली की हा त्रास पुढच्या वेळी वाचतो.

ग्राहकाच्या आधी आपल्याला कळावं म्हणून काय करता येतं. आपल्या लॅपटॉपवर क्रोम १०९ पाहिजे असेल तर प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवून तपासणारं टूल) १.२९ सोबत क्रोमियम १०९ येतं, नव्या विंडोजवर किंवा लिनक्सवर ते चालतं, त्याच्यात पट्टीचं पान उघडून बघायचं, आणि प्रत्येक बिल्डनंतर आपोआप उघडलं तर फारच चांगलं. व्याकरणाची तपासणी करायला ईएस-चेक आहे, तयार झालेल्या फाइलवर चालवायचं. फंक्शनं आहेत की नाहीत हे ईएस-लिंटचं कम्पॅट प्लगइन सांगतं, पण ते आपलं स्वतःचं कोड बघतं, लायब्ररीच्या आत जात नाही, तेवढ्यावर विसंबून राहू नका.

आणि पानाच्या अगदी वर, वेगळ्या स्क्रिप्ट टॅगमधी, जुन्या पद्धतीनं व्हार आणि फंक्शन वापरून विंडोवर ऑनएरर लावा. एररचा मजकूर, फाइलचं नाव आणि ओळ सर्व्हरवर पाठवायची, पाठवायला नवी इमेज तयार करून तिच्या पत्त्यात मजकूर घातला की कुठल्याबी जुन्या ब्राउझरवर चालतं. वेगळा टॅग ह्याच्यासाठी की मुख्य फाइल वाचता आली नाही तरी हा तुकडा जिवंत राहतो. लायब्ररी दुसऱ्या डोमेनवरून येत असेल तर नुसतं "स्क्रिप्ट एरर" एवढंच नोंद होतं, तिथं क्रॉसओरिजिन लावावं लागतं. नोंदीत यूजर एजंट (ब्राउझर स्वतःची सांगतो ती ओळख) बघताना मात्र फसू नका, क्रोमनं १०७ पासून टप्प्याटप्प्यानं ती माहिती कमी केलीय, मशीन विंडोज ७ ची असली तरी तिथं विंडोज एनटी १०.० दिसू शकतं. क्रोमचा आकडा १०९ दिसला की समजून जा.

एक वेगळंच, पण लोक जुन्या ब्राउझरच्या माथी मारतात म्हणून सांगतो. बेरजेच्या जागी "एनएएन" (म्हणजे हा आकडा नाही) येत असेल तर ब्राउझर नवा-जुना बघत बसू नका. आकडा एमआर-आयएन (मराठी-भारत) लोकेलनं दाखवला की क्रोम तो देवनागरीत लिहितं, आणि तोच मजकूर परत पार्सफ्लोटला (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला) दिला की त्याला १, २, ३ कळत नाहीत. दाखवायचा आकडा वेगळा आणि हिशोबाचा वेगळा ठेवा, किंवा लोकेलमधी लॅटिन आकडे मागा.

राहिले फोन. तोलाईदार आणि गाडीवाले फोनवरून आवक बघतात. अँड्रॉइड ५ वर क्रोम ९५ ला थांबतं, ६ वर १०६ ला, ७ वर ११९ ला, म्हणजे अँड्रॉइड ७ असेल तर टूसॉर्टेड चालेल, ६ वर नाही. तुमचं सॉफ्टवेअर ॲपच्या आत वेबव्ह्यूवर (ॲपमधी पान दाखवणाऱ्या ब्राउझरवर) चालत असेल तर फोनमधी क्रोम नवं आणि वेबव्ह्यू जुनं असंबी होतं, जागा संपली म्हणून प्ले स्टोअरवरून अपडेट आलेलं नसतं. केबल लावून लॅपटॉपच्या क्रोममधी इन्स्पेक्टचं पान उघडलं की फोनमधलं कन्सोल दिसतं आणि तिथंच वेबव्ह्यूची आवृत्तीबी लिहिलेली असते. आयफोनवर क्रोम टाकून उपयोग नाही, आत इंजिन सफारीचंच असतं. आयफोन ७ आयओएस १५ वर थांबलाय, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं मागं बघणारं रूप, ते "(?<=" वालं, सफारीत १६.४ ला आलं, त्यामुळं लायब्ररीत ते कुठंबी लिहिलेलं असलं तर "इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम" म्हणून अख्खी फाइल बाद होते. हे बेबलबी बदलून देत नाही. ज्या लायब्ररीत ते नाही अशी जुनी आवृत्ती घ्यायची, नाहीतर ती एक ओळ हातानं साध्या स्प्लिटनं लिहायची आणि तो बदल पॅच-पॅकेजसारख्या टूलनं पॅच फाइल करून गिटमधी ठेवायचा, म्हणजे पुढच्या इन्स्टॉलला तो आपोआप लागतो.